महिन्याचं बाळ, जुनाट आजार

जुनाट हा शब्द मुळात म्हाताऱ्यांचा. खोकला जुनाट, संधिवात जुनाट, गावातला पडका वाडा जुनाट. संस्कृतात 'जॄ' म्हणजे झिजणं. त्यातून जीर्ण आणि जरा आले, 'जूर्ण'चं प्राकृतात 'जुण्ण' झालं, तेच मराठीत जुनं झालं आणि त्याला शेपूट लागून जुनाट. ज्याला झिजायला भरपूर काळ मिळाला, ते जुनाट. असं असताना नवजात शिशू कक्षातून सुटून आलेल्या एखाद्या बाळाच्या कार्डावर 'क्रॉनिक लंग डिसीज' असं लिहिलेलं असतं. मराठीत फुप्फुसाचा जुनाट आजार. बाळाचं वय दोन महिने, वजन जेमतेम दोन किलो, आणि आजार जुनाट.

ग्रीकांचा 'ख्रोनोस' म्हणजे काळ, त्यावरून क्रॉनिक. त्या शब्दाला म्हातारपणाशी घेणंदेणं नाही, फक्त काळाशी आहे. आपण भाषांतर करताना त्याला वय चिकटवलं. या आजाराचं पूर्ण नाव ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेजिया, डॉक्टरांच्या तोंडी बीपीडी. गावात यातलं काहीच कुणी उच्चारत नाही. बुलढाण्याजवळ पैनगंगेकाठी देऊळघाट आहे. तिथे अशा बाळाबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "दिवस भरले नव्हते." गल्ली ओलांडून दख्खनी बोलणाऱ्या घरात गेलं की तेच उत्तर, "दिन पूरे नहीं हुए थे." आणि बाळ कुठाय? "काचेत ठेवलंय." इनक्युबेटर या शब्दाला मराठीने दिलेला हा सगळ्यात चांगला प्रतिशब्द, आणि तो कुठल्याही परिभाषा समितीने केलेला नाही.

'दिवस' या एका शब्दावर मराठीने गरोदरपणाचा सगळा हिशेब मांडला आहे. पाळीचे दिवस टळून गेले की 'दिवस गेले'. कुणी म्हणतं 'दिवस राहिले'. जाणं आणि राहणं एरवी एकमेकांच्या उलट, इथे दोन्हींचा अर्थ एकच. शेवटाकडे बाई 'पूर्ण दिवसांची' होते, मग 'दिवस भरतात'. भरले नाहीत तर बाळ अपुऱ्या दिवसांचं. उर्दूतही दिन चढ़ते हैं, आणि बाई 'पूरे दिनों से' असते. बाळ जन्मल्यावरही मोजणी थांबत नाही. पाचवी होते, मग सटी. ही सटी म्हणजे षष्ठी, आणि तिचीच सटवाई झाली. बाराव्या दिवसाचं बारसं, त्यात द्वादश लपलेला आहे. मग सव्वा महिना. मुसलमान घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला, तो फारसीतल्या चाळीसवरून. आणि माणूस गेल्यावर त्याचेही 'दिवस' घालतात. एकाच शब्दात येण्याचा आणि जाण्याचा हिशेब ठेवणारी भाषा काटकसरी म्हणायची की निर्दय, हे मला ठरवता आलेलं नाही.

या गावाचं नावही शब्दवेड्याला सहज सोडत नाही. देऊळ म्हणजे देवकुल. राजकुलाचं राऊळ झालं तसं देवकुलाचं देउल आणि मग देऊळ. देव हा 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या धातूचा आणि दिवसही त्याच धातूचा. म्हणजे देवळात आणि दिवसात एकच उजेड आहे. घाटाचं प्रकरण मात्र जरा सांभाळून घ्यावं लागतं. नदीचा घाट, डोंगराचा घाट हे संस्कृत 'घट्ट'कडून आले. बुलढाणा जिल्ह्यात तर माणसंही घाटावरची आणि घाटाखालची अशी विभागलेली. वऱ्हाडाच्या जुन्या कागदांतले बालाघाट आणि पायनघाट ते हेच, वर आणि खाली हे शब्द फारसीचे. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, घाटदार शरीर हा घाट वेगळा. तो 'घट्'वरून आला, आणि त्याच घरातून घडणे, घडण, घडामोड आले. दोघे दिसायला जुळे, पण एका आईचे नव्हेत. हौशी व्युत्पत्तिकार दोघांना एका पाळण्यात घालतात, तो मोह टाळायला हवा. तरी या दुसऱ्या घाटाकडे मी परत येणार आहे. आजाराच्या नावात तोच बसला आहे.

आधी महिन्यांचा एक जुना घोळ. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं घाटावर, घाटाखाली, मराठीत आणि उर्दूत सगळीकडे सांगितलं जातं. सातमासी बाळाला उर्दूत सतवांसा असा खास शब्दच आहे. घाईगर्दी करणाऱ्याला आपणही "सातव्यात जन्मलास काय?" म्हणून टोमणा मारतो. ही समजूत फक्त आपली नाही. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर सातव्या आणि आठव्या महिन्याच्या बाळांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. चरक-सुश्रुतांनी कारणही दिलं आहे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, कधी आईकडे तर कधी गर्भाकडे जातं, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा. इतक्या दूरच्या लोकांनी तीच गोष्ट सांगावी याचं आश्चर्य वाटतं, पण गोष्ट खरी नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या छातीला काहीतरी देतो, आणि आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा साधारणपणे बऱ्या स्थितीत असतं. या समजुतीचं नुकसान असं की आठव्यात आलेल्या बाळासाठी धावपळच केली जात नाही. ते जाणारच होतं, असं आधीच ठरलेलं असतं.

दिवसांची मोजणी मात्र आपल्याकडे पक्की होती. 'नऊ महिने नऊ दिवस' हा वाक्प्रचार घ्या. तीस दिवसांचा महिना धरला तर होतात २७९ दिवस. वैद्यक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० मोजतं. जर्मनीच्या नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञाचा नियम आजही नर्सबाई वापरतात. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. त्याचे महिने इंग्रजी, कमीजास्त दिवसांचे, म्हणून त्याला सात पुरतात आणि आपल्याला नऊ लागतात. हिशेब एकच.

अडचण येते ती सुरुवातीच्या तारखेला. पाळी कधी चुकली हे विचारलं की तारीख क्वचित मिळते. "पोळा झाल्यावर आठ-दहा रोजांनी", "आखाजीच्या आधी", "ईदेच्या चांदाला", अशी उत्तरं येतात. मग आशाताई किंवा सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख शोधतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात. एखाद्या वर्षी धोंड्याचा महिना येतो, २०२३ साली श्रावण दोनदा आला तसा. महिने नावाने मोजणारी आजी तिथे सरळ तीस दिवसांनी चुकू शकते. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. सण हे तारखांचे खुंटे आहेत, पण ते खुंटे हलतात. ही गंमत म्हणून सांगत नाही. विदर्भातही झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय चाचणीचा निकाल याच मोजणीपाशी येऊन अडला. त्याकडे वळण्याआधी फुप्फुस या शब्दाशी थोडं थांबू.

फुप्फुस हा शब्द उच्चारताना तोंडातून दोनदा हवा सुटते. बहुधा तिथूनच तो जन्मला. खाटकाच्या दुकानात त्याचं फेपसं होतं, हिंदी-उर्दूत फेफडा. ढिल्या अंगाच्या माणसाला आपण फोपशा म्हणतो, तोही याच कुळातला वाटतो. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भाचे अवयव कशापासून होतात याची यादी आहे. यकृत आणि प्लीहा रक्तापासून, फुप्फुस मात्र रक्ताच्या फेसापासून. ज्याने ताजं फेपसं कापलेलं पाहिलं आहे त्याला हे लगेच पटेल. सुरी फिरली की गुलाबी फेस येतो, आणि तो लवकर बसत नाही.

तो फेस बसत का नाही, हा प्रश्न १९५५ साली इंग्लंडमधल्या रिचर्ड पॅटल नावाच्या शास्त्रज्ञाने विचारला. विषारी वायूंवर काम करताना त्याला दिसलं की फुप्फुसातून निघालेले बुडबुडे विलक्षण टिकाऊ असतात, फेस मारणारी औषधंही त्यांच्यापुढे हात टेकतात. फुप्फुसाच्या आतल्या अस्तरात पाण्याचा ताण घालवणारं काहीतरी असलं पाहिजे, असा त्याने अंदाज बांधला. त्यालाच पुढे सरफॅक्टंट हे नाव रूढ झालं. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची जी बाळं श्वासाविना जातात त्यांच्या फुप्फुसात हेच द्रव्य नसतं. ते नसलं की हवेचे बारीक फुगे दर श्वासाला मिटतात आणि बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला. तेव्हा जगातल्या सगळ्यात सत्तावान बापालाही विकत घेता आलं नाही असं हे द्रव्य होतं. १९८०मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनळीत सोडून पाहिलं आणि त्यातली बहुतेक तगली.

फुप्फुस पिकलंय की कच्चं आहे हे ठरवायची एक साधी तपासणीही फेसाचीच होती. गर्भजलात अल्कोहोल घालून नळी हलवायची आणि वर फेसाचं कडं टिकतं का ते पाहायचं. एवढं वाचून कुणी म्हणेल, पाहा, सुश्रुताला सरफॅक्टंट ठाऊक होतं! नव्हतं. त्याने फेस पाहिला आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवला, एवढंच त्याचं श्रेय आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

आज हे औषध डुकराच्या किंवा गाईच्या फुप्फुसातून काढतात. आपल्या मुलखात ही माहिती आईबापांना कशी सांगायची, हा डॉक्टरांपुढचा खरा पेच. भारतात शेळीच्या फुप्फुसातून काढलेल्या सरफॅक्टंटची चाचणी दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९मध्ये छापून आले. आठवडी बाजारात जे फेपसं सगळ्यात स्वस्त, तेच इथे औषधाचा कच्चा माल.

संस्कृतात फुप्फुसाला आणखी एक जुना शब्द आहे, क्लोमन्. अथर्ववेदात तो येतो, अर्थ बहुधा उजवं फुप्फुस. ग्रीकांचा जुना 'प्ल्यूमोन' आणि लॅटिनचा 'पुल्मो' हे त्याचे सख्खे भाऊ, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पल्मनरी या शब्दात म्हणजे आपलाच क्लोम आहे, वेष बदललेला. सगळ्यांच्या मुळाशी 'प्लु', म्हणजे तरंगणे. फुप्फुस हा पाण्यावर तरंगणारा अवयव, म्हणून हे नाव. पुढे आयुर्वेदात क्लोम नेमका कोणता अवयव यावर वाद माजले आणि मराठीत तो शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकांत माशांच्या कल्ल्यांना जाऊन चिकटला. माशाला तो शोभतोही. तसं पाहिलं तर पोटातलं बाळही फुप्फुसात पाणी भरून घेतलेलंच असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्या पाण्यातून हवेत फार लवकर यावं लागतं.

आता आजाराचं नाव. १९६७ साली स्टॅनफर्डच्या नॉर्थवे, रोझन आणि पोर्टर या तिघांनी ३२ बाळांच्या छातीच्या एक्स-रेंचा अभ्यास छापला. कृत्रिम श्वासाची यंत्रं तेव्हा नुकती हाती आली होती. पहिल्या आठवड्यात जाणारी काही बाळं आता तगू लागली होती, पण वाचलेल्यांची फुप्फुसं डागाळलेली, कुठे फुगलेली तर कुठे मिटलेली होती. ८० ते १०० टक्के ऑक्सिजन दीडशे तासांहून जास्त मिळालेल्यांचं सगळ्यात वाईट. त्यांनी नाव दिलं ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेजिया. औषधानेच आणलेला आजार होता तो. किंवा असं म्हणू, पहिला आजार बरा केल्याची ती किंमत होती.

इथे 'प्राणवायू' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. लव्हाझिएने ऑक्सिजन हे नाव 'आम्ल जन्माला घालणारा' अशा अर्थाने दिलं, आणि तो अंदाज चुकला. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी ते नाव उचललं नाही. आयुर्वेदातल्या पाच वायूंपैकी पहिल्याचं नाव त्यांनी या वायूला दिलं. प्राण म्हणजे प्र आणि अन्, श्वास घेणे. शब्द देखणा आहे, पण त्याने ऑक्सिजनला देवपण आलं. प्राणवायू जास्त झाला, हे वाक्य मराठी कानाला पटतच नाही. प्राण कधी जास्त होतो काय? १९४०-५०च्या दशकांत काचेच्या पेट्यांमध्ये मोकळ्या हाताने ऑक्सिजन सोडला गेला आणि हजारो मुलं आंधळी झाली. कारण उघड झालं ते ऑस्ट्रेलियातल्या केट कॅम्पबेल यांच्या १९५१च्या निरीक्षणांतून आणि त्यामागोमाग अमेरिकेत झालेल्या चाचणीतून. त्याच ऑक्सिजनने फुप्फुसंही जाळली. कक्षातल्या सिस्टर प्राणवायू म्हणत नाहीत, "ओटू किती ठेवलाय?" असं विचारतात. मला वाटतं तेच बरं. ज्याचं माप काढायचं त्याचं नाव कोरडं असावं.

डिस्प्लेजियातला 'डिस्' म्हणजे आपला 'दुस्', दुष्काळातला आणि दुर्घटनेतला. 'प्लासिस' म्हणजे मातीला आकार देणं. आकार बिघडणं, घाट बिघडणं. मराठीत याला बिघडणे हा नेमका शब्द आधीपासून आहे, आणि त्याच्या पोटात वि आणि घट् आहेत. घडणंही तिथलं आणि बिघडणंही. परिभाषाकोशाने 'दुर्विकसन' वगैरे काहीही केलं तरी बिघडलेली घडण याहून सोपं आणि खरं काही निघणार नाही. शिवाय मूळ नावापेक्षा ते आजच्या आजाराला जास्त लागू पडतं. सरफॅक्टंट आलं, यंत्रं मऊ झाली, ऑक्सिजन जपून देऊ लागले, तेव्हा नॉर्थवेचे डागाळलेले एक्स-रे कमी होत गेले. १९९९च्या सुमाराला ॲलन जोब यांनी 'नवा' बीपीडी असा शब्द वापरला. या नव्यात डाग थोडे, पण हवेचे फुगे संख्येने कमी आणि आकाराने मोठे. घडण मोडलेली नसते, अर्ध्यावर थांबलेली असते. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे फुगे अजून तयार व्हायचे असतात, आणि ते काम हवेत, नळ्यांच्या गराड्यात, संसर्गाशी झुंजत करावं लागतं.

मग हा आजार झाला की नाही हे ठरवायचं कसं? इथे वैद्यकाने तेच केलं जे देऊळघाटची आजी करते. दिवस मोजले. १९७९ साली बँकालारी यांनी २८ दिवस ऑक्सिजन लागला तर बीपीडी असा निकष मांडला. १९८८मध्ये शेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जन्मापासून मोजण्यापेक्षा आईच्या पाळीपासून मोजून ३६ आठवडे झाले तेव्हा ऑक्सिजन लागतो का हे पाहिलं तर पुढच्या तब्येतीचा अंदाज चांगला येतो. २००१मध्ये दोन्ही निकष एकत्र केले. २०१९मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचे टक्के बाजूला ठेवले आणि ३६व्या आठवड्याला बाळ कोणत्या यंत्रावर आहे एवढंच पाहायला सांगितलं. निकष बदलले, पण ३६ आठवडे हलले नाहीत. म्हणजे बाळ जन्मल्यावरही त्याचं घड्याळ आईच्या पाळीवर लावलेलं. दिवस भरले नव्हते, ते आता बाहेर भरायचे. मराठी बायांनी हा विचार शब्दांत आधीच करून ठेवला होता, असा दावा मी करणार नाही. पण हिशेब त्यांना अनोळखी नाही एवढं नक्की.

आता विदर्भातही झालेली ती चाचणी. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात आणि मृत्यू कमी होतात. इंजेक्शन स्वस्त, टोचायला सोपं. मग ते गावोगाव का देऊ नये? सहा देशांत मोठी चाचणी आखली गेली. भारतातल्या जागा दोन, नागपूर आणि बेळगाव. मराठी आणि मराठीच्या शेजारचा मुलूख. सगळीकडची मिळून जवळपास एक लाख बाळंतपणं तिने पाहिली. पाळीची तारीख माहीत नसेल तिथे पोटाची उंची मोजायला रंगीत पट्ट्याची टेप दिली होती. इकडे चाचणीचा निकाल यायच्या आधीच, २०१४च्या जूनमध्ये, भारत सरकारने उपकेंद्रातल्या एएनएम नर्सला हे इंजेक्शन द्यायची मुभा दिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निकाल प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. सगळी बाळं धरली तर दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले होते, आणि आयांमध्ये संसर्गाचा संशय वाढला होता.

असं का झालं यावर बरंच लिहिलं गेलं. एक कारण ठळक आहे. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या पुष्कळ बायका प्रत्यक्षात पूर्ण दिवसांच्या होत्या. पोट लहान दिसलं, तारीख धड नव्हती, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या समजल्या गेल्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्या इंजेक्शनचा उपयोग काहीच नाही, अपाय मात्र होऊ शकतो. मग जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी चाचणी घेतली. या वेळी फक्त मोठ्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस पक्के करून, २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्या २,८५२ बायकांवर. त्यातही बेळगाव होतं. २०२० साली निकाल आला. इंजेक्शन मिळालेल्या बायकांच्या नवजात बाळांमधले मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. इंजेक्शन तेच होतं. दिवस मोजण्याची रीत बदलली होती, आणि काचेची व्यवस्थाही बरी होती.

संशोधन या शब्दाचा मूळ अर्थ इथे दिसतो. 'शुध्' म्हणजे स्वच्छ करणं. सोन्याचं शोधन, पाऱ्याचं शोधन. हरवलेलं हुडकणं हा अर्थ शोधाला नंतर चिकटला. पहिल्या चाचणीने नवं काही हुडकलं नाही, एका चांगल्या हेतूतला मळ तेवढा काढून दाखवला. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आपल्या वस्तीचं नाव शोधग्राम ठेवलं तेव्हा त्यांना यातला कोणता अर्थ अभिप्रेत होता कोण जाणे, पण दोन्ही लागू पडतात. मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना त्यांनी पहिली गोष्ट केली ती शब्द गोळा करायची. आया लहाक म्हणत, डब्बा म्हणत. लहाक म्हणजे भरभर चाललेला श्वास. उर्दू घरांत म्हणतात पसली चल रही है. बरगड्या आत ओढल्या जाताहेत हे सांगायला याहून नेमकं वाक्य डॉक्टरांच्या भाषेत नाही. श्वास मोजायला त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन केलं, आकडे न येणाऱ्या दाईलाही ते चालवता यावं म्हणून. पुढे गावातच नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने छापला, आणि २०११पासून देशभरातल्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जातात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सटी, बारसं, सव्वा महिना यांच्या शेजारी सरकारने मांडलेली ही दुसरी दिवसमाला.

श्वासाचे शब्द आपल्याकडे पुष्कळ. उच्छ्वासाचा उसासा झाला. दम फारसीतून आला आणि इतका रुळला की आपण दम खातो, दम धरतो, दम देतोही. दमा त्याचाच. विश्वास आणि आश्वासन हेही 'श्वस्'चेच, मोकळा श्वास घेता येईल अशी स्थिती. चाचणीच्या संमतिपत्रावर अंगठा उठवणाऱ्या बापाकडे शब्दशः हेच मागितलेलं असतं. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात, त्यासाठी कॅफीन देतात, त्याचाही एक मजेचा प्रवास आहे. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅफीन मिळालेल्यांमध्ये बीपीडीचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३६वर आलं. चाचणी श्वास थांबण्याबद्दल होती, हा लाभ वाटेत सापडला. कॉफीला जुन्या मराठीत बुंद म्हणत, अरबीतल्या 'बुन्न'वरून. बुंदाचा काढा काचेतल्या पोरांच्या कामी येईल असं त्या काळी कुणाच्या ध्यानीमनी नसेल.

काचेत असताना बाळाला नाव नसतं. पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. बारसं पुढे ढकललेलं असतं. ऑक्सिजन सुटला, मशीन सुटलं, नळी सुटली, असं एकेक सुटत जाऊन शेवटी बाळ सुटतं. घरी आल्यावर त्याला दोन वयं असतात. लस जन्मतारखेच्या वयाने टोचायची, दिवस अपुरे होते म्हणून थांबायचं नाही. मान धरतं का, बसतं का, हे मात्र दिवस भरायची जी तारीख होती तिथून मोजायचं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. डॉक्टर याला सुधारित वय म्हणतात. "सहा महिन्यांचं झालं तरी बसत नाही," म्हणून घाबरलेल्या आईला आशाताई बोटांवर मोजून दाखवते की अजून चारच झालेत. पुढे शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीखच लागते, पण दिवस भरायच्या तारखेने मोजलं तर पहिलीच्या वर्गात हे पोर दोन-अडीच महिन्यांनी लहानच असतं. मास्तरांना ते कुणी सांगत नाही, त्यामुळे मैदानावर धापा टाकत मागे राहणारं पोर त्यांच्या लेखी आळशी ठरतं. दाखल करतानाच, "आमचं अपुऱ्या दिवसांचं आहे, छातीचं नाजूक होतं," एवढं आईने सांगितलं तरी चालेल. बीपीडी म्हणायची गरज नाही.